उतरता काठ

मार्च लागला की चंद्रपुरात ऊन आधी पाठीवर येतं आणि मग डोक्यात जातं. यंदा ते आमच्या ह्यांच्या डोक्यात गेलं. घरामागं चार पावलांची मोकळी जागा आहे, तिथं त्यांना तळं हवंय. छोटंसं, काठाला दगड लावलेलं, दोन कमळं, चार मासे. मोबाइलवर वीसेक तळी त्यांनी जमवून ठेवली आहेत आणि जेवताना एकेक मला दाखवतात. मी भाजी वाढत राहते. काल त्यांनी मनूच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या, आलेखवहीतलं एक पान फाडून त्यावर आराखडाच काढला. हिरव्या चौकटींवर पेन्सिलीचा लांबट गोल, आणि एका बाजूला बाण काढून लिहिलेलं, ‘इकडे उतार’. तो बाण पाहिला आणि माझा घास हातातच राहिला.

‘उतार कशाला?’ मी विचारलं.

‘छान दिसतो,’ हे म्हणाले.

मी ते पान उलटं करून ठेवलं आणि सांगितलं, आपल्याला तळं नको. का, ते सांगितलं नाही. माझी आई समोरच बसली होती, डाव्या हातानं जेवत. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि त्याची मूठ वळत नाही. लग्न झाल्यापासून ह्यांनी तिला असंच पाहिलंय. बिबटानं धरलं होतं, एवढं त्यांना ठाऊक आहे. बाकीचं मी कधी उलगडून सांगितलं नाही, आणि आईनंही नाही.

मोहाच्या फुलांचा वास सुरू झाला की मी अजून खिडक्या लावून घेते. लोकांना तो वास गोड लागतो. मला त्यात ओल्या सिमेंटचा वास येतो, राखेचा येतो, आणि पाठोपाठ भूमितीची प्रमेयं आठवतात. माझ्या दहावीचं वर्ष होतं ते, नव्वदीच्या शेवटाकडचं. आमचं गाव मोहर्लीच्या रस्त्यावर, जंगलाकडं पाठ करून बसलेलं. बाबा तिथल्या शाळेत गुरुजी. घर कौलारू, घरामागं सांदवाडी, म्हणजे वांगी-टमाटरापुरती बाग. सांदवाडीला बांबूचं कुंपण, कुंपणापलीकडं कोरडा नाला, नाल्यापलीकडं बांबूचं रान. त्याच्या पुढं काय आहे ते आम्ही पोरं विचारत नसू. ज्याला विचारावं तो म्हणे, जंगल हाय.

बाबा कधीतरी सिंदेवाहीला कुठल्याशा शिबिराला गेले होते. तिथं एका सरकारी बंगल्याच्या बागेत त्यांनी कमळाचं तळं पाहिलं आणि ते येड घेऊनच घरी आले. आमचा मुलूख तलावांचा. गावाला मोठा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आणि शेताशेताला बोड्या, म्हणजे लहान तळी. अशा गावात एक माणूस घरामागं तळं बांधतो म्हटल्यावर लोक हसणारच. पारावरून कुणीतरी विचारलंच, ‘गुरुजी, त्यात धान लावता का म्हशी बसवता?’ बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, तलाव गावाचा असते, हे माझं. आयुष्यात माझं असं ते फार थोड्या गोष्टींना म्हणाले असतील.

दिवाळीच्या सुट्टीत आखणी झाली. बाबांनीही आलेखकागदच घेतला होता. एका चौकटीला एक वीत, असं प्रमाण. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, फक्कीनं गोल आखला. दुसऱ्या दिवशी तो पुसून परत आखला, कारण खोलीच्या खिडकीतून त्यांना तो वाकडा दिसला. आई चुलीपासून म्हणाली, ‘आधी मोरीले नीट फरशी करा. मग कमळं लावा.’ तिची मोरी म्हणजे विहिरीशेजारचा एक गुळगुळीत दगड. पावसाळ्यात ती त्यावर दोनदा घसरून पडली होती. बाबा म्हणाले, होईन होईन. पोतंभर सिमेंट उरलं तर मोरीलाच लावू.

बांधायला रशीदभाऊ आले. चंद्रपूरचे मिस्त्री, पन्नाशीचे, सायकलला थापी आणि ओळंबा बांधून येणारे. सारं आयुष्य त्यांनी जंगलात पाणवठे बांधण्यात घालवलं होतं. जनावरांना उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून रानात सिमेंटच्या मोठ्या बशा करतात, त्या. ठेकेदार बदलले, साहेब बदलले, पाणवठ्याला मिस्त्री हेच. बाबांना वाटलं, पाण्याचं काम याच्याइतकं कुणाला येणार. ‘फिकर नोका करू गुरुजी,’ रशीदभाऊ म्हणाले, ‘बीस साल झाले, माझं एक पाणी गळलं नाई.’

आणि खरंच गळलं नाही. आठ दिवसांत त्यांनी असं तळं उभं केलं की हसणारे लोक बघायला आले. तीन बाजूंनी काठ कमरेएवढा सरळ. चौथी बाजू, नाल्याकडची, हळूहळू उतरत पाण्यात गेलेली. त्या उतारावर सिमेंट ओलं असताना त्यांनी खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या. मी विचारलं, रेघा काऊन भाऊ? ते म्हणाले, ‘पाय घसरत नाई पोरी.’ कुणाचा पाय, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या मनात ते सांगण्यासारखं काही नव्हतंच. तळं म्हटलं की एक बाजू उतरती, उताराला रेघा, उताराचं तोंड रानाकडं. त्यांचा हात वीस वर्षं तसाच चालत आला होता. जास्तीचं पाणी नाल्यात जावं म्हणून कुंपणाचे चार बांबूही त्यांनी काढून ठेवले.

सगळ्यात जास्त खूश झाली आई. तो उतार पाहिला आणि तिनं मोरीच्या दगडाला त्याच दिवशी रामराम ठोकला. घसरायचं भ्या नाही, पाणी हाताशी, बसायला ऐसपैस. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे भांडी घेऊन उतारावर बसायला लागली. बाबांनी एकदा कुरकुर केली, कमळाच्या पाण्यात राख नको म्हणून. ती गुंड, म्हणजे पाण्याचं गोल भांडं, दाखवत म्हणाली, ‘गुंडात पाणी घेऊन बाजूले धुतो मी. तुमच्या कमळाले नाई लागत.’ मग दोघंही आपापल्या जागी खूश झाले. बाबांनी मामा तलावातून कमळाचे कांदे आणून चिखलात रोवले. मी तर सगळ्यांना सांगत फिरत होते की आमच्याकडं गार्डनमधल्यासारखं तळं आहे.

त्या वर्षी पाऊस अर्ध्यावरच पळाला होता. बोड्या संक्रांतीलाच तडकल्या. मामा तलावाच्या मध्यात पोरं क्रिकेट खेळायला लागली. आमच्या विहिरीला मात्र पाणी होतं, आणि वीज असली की बाबा मोटर लावून तळं भरून काढायचे. मैलभर सुक्या मुलखात आमचं एक पाणी चमकत होतं, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटत होतं.

आधी मधमाश्या आल्या. उतारावर ओल असेल तिथं काळा थर बसायचा. मग वानरं आली, दुपारची, सगळं खटलं घेऊन. त्यांनी टमाटर खाल्ले, बाबांनी दगड मारले, एवढंच. मग एका सकाळी ओल्या मातीत खुरं दिसली. चितळ येऊन गेलं होतं. बाबा इतके हरखले की शाळेतल्या पोरांना रांगेनं आणून त्यांनी ती दाखवली. त्यानंतर आमचा मोत्या दिसेनासा झाला. तो कुत्रा तसा उनाडच, दोन दोन दिवस गावभर फिरायचा. चार दिवस झाले, आठ झाले. आई रोज त्याच्या वाटीत भात टाकत होती, आणि नवव्या दिवशी तिनं ती वाटी धुऊन फळीवर ठेवली.

त्याच सुमारास आईनं एकदा चहा देता देता बाबांना म्हटलं होतं, ‘कुंपणापाशी ठसे हायेत. कुत्र्यापेक्षा मोठे.’

बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले, ‘चिखलात ठसा फाकते. कुत्र्याचाच असन.’

तिनं परत विषय काढला नाही. आमच्याकडं त्याचं नाव घेत नाहीत. ‘ते जनावर’ म्हणतात, किंवा नुसतं ‘तो’. आणि घरात पोरगी दहावीला असताना तर नाहीच.

आता मी एकेक गोष्ट सरळ रांगेत लावू शकते. तेव्हा मला दिसत होतं ते एवढंच, की आईचं काहीतरी बिनसलंय. सडा ती आधी अंगणापुरता टाकायची. फेब्रुवारीत तो सांदवाडीत गेला, मग तळ्यापर्यंत, मग थेट कुंपणापर्यंत. सकाळी मी उठेपर्यंत तिथली सगळी जमीन शेणानं सारवल्यासारखी साफ झालेली असायची. मला वाटलं, माझ्या परीक्षेसाठी तिनं काही नवस बोललाय. शेजारच्या काकूंनाही तेच वाटलं. त्या म्हणाल्या, पोरीसाठी किती करते बाई. ती म्हणाली, करा लागते.

आणि भांडी. देवा रे, ती भांडी. माझी आई तशी हळुवार हाताची. पण त्या महिन्यात ती भांडी घासत नव्हती, बडवत होती. जर्मनचं गंज, म्हणजे पातेलं, उतारावर आपटायचं, परातीवर पळी मारायची, गुंड गडगडवायचा. वीज पहाटे हमखास जायची, म्हणून मी उजेडासाठी मागल्या ओसरीत पुस्तक घेऊन बसायचे, तळ्यापासून वीस पावलांवर. ती आपली माझ्याकडं पाठ, रानाकडं तोंड करून ठणाठणा वाजवत असायची. मधेच उठून उभी राहायची, कमरेवर हात ठेवून नाल्याकडं बघायची, परत बसायची. मी कानात बोटं घालून पाठ करत होते. आईवर इतका राग मी आधी कधी केला नव्हता आणि नंतर कधी मला तो परवडला नाही.

परीक्षेच्या महिनाभर आधी एका दुपारी रशीदभाऊ आले होते. जंगलातल्या कामावर चालले होते, वाटेत आपलं तळं बघायला वळले. बाबा शाळेत होते. रशीदभाऊ उताराशी गेले, उकिडवे बसले आणि कुंपणाच्या फटीजवळ जमिनीवर त्यांनी पंजा पसरून ठेवला, कपड्याचं माप घेतात तसा. आई शेजारी उभी. दोघं खालच्या आवाजात बोलत होते. एकदा त्यांनी तळ्याकडं हात केला, एकदा स्वतःच्या कपाळावर मारला. आईनं ओसरीकडं, म्हणजे माझ्याकडं, पाहिलं आणि मान हलवली. चहा न घेता ते गेले. चहा न घेता जाणारा मिस्त्री मी तेवढाच पाहिला. मी विचारलं, काय म्हणे भाऊ? आई म्हणाली, ‘उताराले जरा काम हाय म्हणे. तुह्ये पेपर झाले की येईन.’

भूमितीचा पेपर होता त्या दिवशी पहाटे मी प्रमेयं घोकत होते. एकही धड डोक्यात राहत नव्हतं. अर्धं म्हणून झालं की परात वाजायची आणि मी परत पक्षापासून सुरुवात करायचे. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी वही फेकली.

‘आई, एक दिवस तरी भांडे वाजवू नको. मी नापास झाली ना, तर या भांड्याईच्यानं होईन.’

ती वळली. आधी तिनं नाल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला तिचा तो चेहरा अजून येतो डोळ्यापुढं, आणि त्यावर राग नव्हता. ‘बरं,’ ती म्हणाली. मग तिनं रिकामं पोतं आणून उतारावर अंथरलं, त्यावर एकेक भांडं अलगद मांडलं आणि धानाच्या तणसाच्या बोळ्यानं बिनआवाज घासायला लागली.

काय शांत झालं सगळं. महिन्याभरात पहिल्यांदा मला मोह पडताना ऐकू आला, टप, टप. मी वही उचलली. प्रमेय सरसर म्हणून झालं, पक्ष, साध्य, सिद्धता, एका दमात. मला जिंकल्यासारखं वाटलं. दुसरं प्रमेय काढलं तेव्हा नाल्यातल्या झाडावर वानर खोकलं. एकदाच. मी पान उलटलं. आई उठून उभी राहायला लागली होती, एक हात गुडघ्यावर. मग एक गुंड उतारावरून गडगडत पाण्यात गेला, आणि मला वाटलं, आता परत आवाज सुरू झाला हिचा.

मान वर केली तेव्हा ते तिच्यावर होतं. पिवळं. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान, आणि अजिबात आवाज न करणारं. आई ओरडली नाही. उजवा हात तिनं त्याच्या तोंडात जाऊ दिला आणि डाव्या हातानं गंज त्याच्या डोक्यावर हाणत राहिली. ओरडले ते मी. बाबा धोतर सावरत धावले, शेजारचे कुऱ्हाड घेऊन आले, तोवर ते कुंपणाच्या फटीतून, रशीदभाऊंनी पाण्यासाठी ठेवलेल्या फटीतून, जसं आलं तसं गेलं होतं. उताराच्या आडव्या रेघांमध्ये रक्त साचलं होतं आणि वाहत नव्हतं.

जीपमध्ये घालताना आई शुद्धीवर होती. ती बाबांना म्हणाली, ‘इले पेपरले धाडा.’ आणि मला पेपरला धाडलं. लोकांना हे खरं वाटत नाही. मलाही वाटलं नसतं. शेजारच्या काकांनी सायकलवर नेलं, मी बाकावर बसले, पेपर लिहिला. जे प्रमेय त्या शांततेत पाठ झालं होतं तेच आलं. निकाल लागला तेव्हा सगळ्या विषयांत भूमितीलाच मला जास्त मार्क होते. बाबांनी पेढे आणले. मी तो पेढा मागल्या दारानं फेकून दिला.

दवाखान्यात चौथ्या दिवशी रशीदभाऊ आले. टोपी काढून खाटेशी उभे राहिले. मग बाबांना म्हणाले, ‘गुरुजी, तुमी तळं सांगतलं. मी पाणवठाच बांधला. मले दुसरं येतच नाई.’ बाबा भिंतीकडं बघत होते. तेव्हा कळलं, की त्या दुपारी रशीदभाऊंनी ठशावर पंजा ठेवून आईला सगळं सांगितलं होतं. बिबट आहे, रोज येते. इथी बसू नका. आणि बसाच लागलं तर वाजवत राहा, आवाज असला की तो नाल्यातच थांबते. वाकून बसलेला गप माणूस त्याले माणूस वाटत नाई. उतार फोडून टाकतो म्हणाले होते ते, लगेच. आईनं पेपर संपेपर्यंत थांबवलं होतं. ओसरी सोडून पोरगी वाचणार कुठं, आणि घाबरली तर लिहिणार काय. म्हणून ती ठसे सड्यानं पुसून टाकत होती आणि रोज पहाटे तिथं जाऊन बसत होती. त्याच्या वाटेत, माझ्या आणि त्याच्या मधे.

‘पण बाई,’ रशीदभाऊंनी विचारलं, ‘त्या दिवशी वाजवलं नाई का?’

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. खाटेची लोखंडी पट्टी माझ्या हातात होती, थंड. आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

‘त्या दिवशी भांडे कमीच होते, भाऊ,’ ती म्हणाली.

रशीदभाऊंनी आठवड्याभरात घणानं उतार फोडला आणि तळं दगडमातीनं भरून टाकलं. भरायच्या आदल्या दिवशी एका कोपऱ्यातल्या वीतभर पाण्यात कमळ उमललं होतं. बाबा ते बघायला गेले नाहीत. ते शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिले, आलेखकागदाला, सिंदेवाहीच्या बंगल्याला, ठसा कुत्र्याचा म्हटल्याला. मी त्यांना सांगायला हवं होतं की बाबा, तुम्ही नाही. तोंडाशी यायचं आणि गिळलं जायचं. ते गेले तेव्हाही ते मी गिळूनच होते. त्या बिबटाला मी कधी शिव्या दिल्या नाहीत. त्याला पाणी दिसलं, उतार दिसला, शांतता मिळाली. त्यातली शांतता माझी होती.

तर यंदाचा मार्च. मनूची दहावी. ह्यांचं तळं. आज सकाळी मी कणीक मळत होते आणि आई मागं मोरीवर भांडी घासत होती. बाई लावली तरी ती ऐकत नाही, दोन भांडी तरी डाव्या हातानं घासतेच, आणि वाजवत घासते. लग्न झाल्यावर हे एकदा म्हणाले होते, आई फार आदळआपट करतात. त्या दिवशी मी त्यांच्याशी जे भांडले, ते त्यांना अजून कळलेलं नाही. कालच्या माझ्या ‘तळं नको’वर आई रात्री जेवून उठताना एवढंच म्हणाली होती, ‘बांधू दे त्याले. काठ उभा ठेव म्हणा.’

खोलीतून मनूचा आवाज आला. चिडलेला, रडवेला, अगदी ओळखीचा.

‘आजी, प्लीज ना, भांडी वाजवू नकोस. माझं काहीच पाठ होत नाहीये.’

‘बरं,’ आई म्हणाली.

आणि घर गप्प झालं. पंखा ऐकू यायला लागला. घड्याळ ऐकू यायला लागलं. मी कणकेच्या हातानंच धावले. आई मोरीशी उकिडवी बसली होती, दाराकडं पाठ करून, आणि डाव्या हातानं फरशीवर एक जुना टॉवेल अंथरत होती, चारी कोपरे नीट ओढून. एक वाटी तिनं त्यावर ठेवलीही होती.

मी तिच्याशेजारी बसले. टॉवेल ओढून घेतला, परात उचलली आणि फरशीवर आपटली. मग परत आपटली. मग पळी तिच्या हातात दिली.

‘अव, पोरगी वाचून राह्यली,’ आई म्हणाली.

‘वाचू दे,’ मी म्हटलं. ‘तू वाजव.’